पुस्तकात ख्रिस्ती लोकांबद्दल चुकीचं छापलंय. ख्रिस्ती वाचकाने जाहीर लिहावं की लेखकाला एकांतात सांगावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बायबलातल्या मत्तय 18:15 प्रमाणे लेखकाला आधी एकांतात गाठायला हवं का, आणि वाचकाला उत्तर देणं लेखकाचं कर्तव्य आहे का. या विषयावर मी सहसा तोंड उघडत नाही, कारण आमच्या घरात त्यावरून सात महिने अबोला होता. पण प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आधी त्या वचनाचं बोलतो, कारण लोक ते वाटेल तिथे लावतात. 'तुझ्या भावाने तुझा अपराध केला' तर एकांतात जा, असं ते आहे. छापून दुकानात विकायला ठेवलेलं पुस्तक हे दोन भावांमधलं भांडण नाही. अंत्युखियात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, आणि वर गलतीकरांच्या पत्रात ते लिहूनही ठेवलं. बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून बघत, आणि बायबलातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. तेव्हा 'ख्रिस्ती माणसाने गप्प बसावं' हे मला मान्य नाही. नव्हतंच कधी. म्हणून तर पेन उचललं होतं.

मी डिचोली तालुक्यातला, शाळामास्तर, आता निवृत्त. कॅथलिक आणि मराठी शाळेत शिकलेला म्हटलं की गोव्यात लोक दोनदा नाव विचारतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडच्या सणांवर एक छोटं मराठी पुस्तक निघालं. लेखक हिंदू, दुसऱ्या तालुक्यातले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पणजीला पुस्तक घेतलं आणि परतीच्या कदंब बसमध्ये बसल्या बसल्या लादाईनचं, म्हणजे खुर्सापुढे म्हणायच्या प्रार्थनेचं, प्रकरण उघडलं. प्रकरण कसलं, दीड पान. त्यात हे वाक्य: 'पावसाळ्यापूर्वी ख्रिस्ती लोक वाड्यावरच्या खुर्साकडे जमतात, प्रार्थना करतात व नंतर दारूचे वाटप होते.'

झालं. लादाईन संपलं.

आमच्या वाड्यावरचं लादाईन म्हणजे मे महिन्यातली संध्याकाळ, चुना काढलेला खुरीस म्हणजे क्रूस, त्यावर अबोलीच्या माळा आणि वाऱ्याने सारख्या विझणाऱ्या मेणबत्त्या. एक व्हायोलिन असायचं, त्याची एक तार कायम उतरलेली. मोठी माणसं लॅटिनमध्ये मरियेची एकेक नावं घेणार आणि आम्ही पोरं, एका शब्दाचा अर्थ न कळता, बेंबीच्या देठापासून 'ओरा प्रो नोबिस' ओरडणार. आई आदल्या रात्री पातेलंभर चणे भिजत घालायची. मीठ घालून उकडायचे, खोबऱ्याचे काप घालायचे आणि कागदाच्या पुडीत द्यायचे. ओली पुडी खालून फाटायची, म्हणून हाताचा द्रोण करून धरायची. मोठ्यांना घोटभर फेणी, पोरांना लिंबाचं सरबत. एवढ्या सगळ्यातून या माणसाला ग्लास तेवढा दिसला?

त्याच रात्री एका दैनिकाला पत्र लिहिलं. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: 'लेखकमहाशयांनी खुर्साजवळ कधी पाऊल तरी ठेवले होते काय, की तावेर्नात बसूनच लिहिले?' तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता. पत्र जसंच्या तसं छापून आलं. शाळेत दोघांनी पाठ थोपटली. एकाने चहा पाजला.

चौथ्या दिवशी तियू आला. तियू म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ, खालच्या घरात राहायचा. आला, बसला नाही, तेच पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ऋणनिर्देशाचं पान उघडलं. आभाराच्या यादीत पाचवं नाव त्याचं. लेखक दोनदा त्याच्याकडे येऊन गेले होते, शीतकडी जेवले होते, खुर्साकडच्या लादाईनला शेवटपर्यंत उभे होते. मी तेव्हा बी.एड.साठी बाहेरगावी. तियू एवढंच म्हणाला, "तो म्हजेगेर जेवला, आनी तुवें ताका पेपरार मारलो." (तो माझ्या घरी जेवला, आणि तू त्याला पेपरात मारलंस.)

ऋणनिर्देश मी वाचला नव्हता. कोण वाचतं? पण चूक कबूल करायच्या ऐवजी मी म्हटलं, "मग त्याने चणे का गाळले ते सांग." तियू उठून गेला. सात महिने.

तोंड उघडलं ते आमच्या फादरनी. इगर्जीमागच्या (चर्चमागच्या) पायरीवर मी त्यांना माझी बाजू ऐकवत होतो. ते म्हणाले, जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नासचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक सुरू होतं तिथेच एक नियम दिलाय. दुसऱ्याचं म्हणणं दोषी ठरवण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असा. लागत नसेल तर त्यालाच विचारा, तुझ्या मनात काय होतं. तरीही चूक असेल तर प्रेमाने सुधारा. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2478व्या परिच्छेदातही हेच आहे. मी पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारली होती, आणि तीही प्रेम वगळून. 'दारू' या शब्दावरची माझी तक्रार खरी होती. तावेर्न मात्र मी पदरचं घातलं. ते टीका करणं नव्हतं, ती खोटी साक्ष होती. दहा आज्ञांमधली आठवी. (तुम्ही प्रॉटेस्टंट असाल तर बहुधा तुमच्या मोजणीत नववी.)

लेखकाला इनलँड पाठवलं. माफी मागितली, पण फक्त तावेर्नाची. उत्तर आलं, अकरा ओळींचं, अक्षर मोत्यासारखं. चण्यांचा उल्लेख हस्तलिखितात होता, पानं वाढली म्हणून कापला. शेवटी, 'आपल्या काकांना माझा नमस्कार सांगावा.' तो सांगायचा कसा, आमचं बोलणंच बंद!

पण आता लेखकांनाही चार शब्द. लूकने आपलं शुभवर्तमान थियफिल महाराजांना उद्देशून लिहिलं, म्हणजे वाचकाला आधी मान दिला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1579 साली गोव्यात उतरलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स, त्याचं बायबलची कथा ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. त्यात सुरुवातीलाच एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या. वाचकाने मागितलं म्हणून पुस्तक! आणि सामान्य माणसाला समजावं म्हणून मराठीत इथल्या बोलीतले शब्द मिसळलेत, असंही तो सांगून ठेवतो. साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसाला वाचक दिसला, आणि आमच्या सणांच्या लेखकाला छापण्याआधी ते दीड पान घेऊन तियूच्या बलकांवावर (ओसरीवर) परत यायला काय झालं होतं? एका बसचं अंतर. ज्याच्या घरी जेवलात, ज्याची माहिती घेतलीत, त्याला लिहिलेलं वाचून दाखवायचं. माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं. तियूला पटलं नाही. त्याच्या मते, लिहिणाऱ्याने काय ठेवायचं ते त्याचं तो बघेल.

(स्टीफन्सचं फार गोडवे गाऊन सांगितलं, पण त्या काळी पोर्तुगीज सत्तेखाली जुनी पुस्तकं का नाहीशी झाली हे विसरू नका. मागणाऱ्यापुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता.)

तुमच्या प्रश्नाकडे येतो. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, ऋणनिर्देशासकट. लेखकाला विचारा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर खुशाल जाहीर लिहा, पान क्रमांक देऊन. त्याच्या मनात काय होतं ते तुम्ही ठरवू नका. मजकुराने कुणाच्या जिवावर बेतणार असेल, वस्तीत आग लागेल असं काही असेल, तर मात्र पत्राची वाट बघत बसू नका. आणि उत्तर देणं लेखकावर बंधनकारक नाही. माझ्या लेखकाने दिलं, हा त्याचा मोठेपणा. हे मी तियूसमोर कधी म्हटलं नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तियू तोवर गेला होता. 'दारूचे वाटप'च्या जागी 'फेणीचा प्रसाद' असं आलंय, जे आणखीच चूक आहे. चणे अजून नाहीत.