'संमतीने संबंध' कुठे लिहू नये

परिवीक्षा अधिकाऱ्याने (शिक्षेऐवजी अटींवर सोडलेल्यांवर, म्हणजे प्रोबेशनवरच्या लोकांवर, देखरेख ठेवणाऱ्याने) स्वतःच्याच देखरेखीखालच्या महिलेशी शारीरिक संबंध ठेवले, तर बातमीत 'संमतीने' लिहावं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. माझं उत्तर: लिहू नये.

परिवीक्षेवर सुटलेली बाई तुरुंगात नसते. घरी राहते, कामाला जाते, ठरल्या दिवशी हजेरी देते. पण तिने बंधपत्राची, म्हणजे सुटताना दिलेल्या लेखी हमीची, अट मोडली असा अधिकाऱ्याचा अहवाल गेला, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे न्यायालय तिच्या अटकेचं वॉरंट काढू शकतं. त्या माणसाला 'नाही' म्हणणं किती महागात पडेल, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी 'संमती' हा शब्द फक्त अधिकाऱ्याच्या सोयीचा आहे.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. संमती वेगळी आणि भीतीपोटी निमूट शरण जाणं वेगळं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच बदलाचा धागा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ मध्ये आहे: लोकसेवकाने पदाचा गैरफायदा घेऊन ताब्यातल्या किंवा अखत्यारीतल्या स्त्रीला शरीरसंबंधासाठी प्रवृत्त केलं किंवा फूस लावली, तर ते कृत्य बलात्काराच्या व्याख्येत बसत नसलं तरी ५ ते १० वर्षं सक्तमजुरी. परिवीक्षा अधिकारी कायद्याने लोकसेवकच आहे.

यातला 'अखत्यारीतली' हा शब्द फार मोलाचा. आपल्याकडे 'कोठडीतील अत्याचार' रुळलं आहे, पण या बाईला कोठडीच नाही, म्हणून ती त्या शब्दाबाहेर राहते. 'देखरेखीतील लैंगिक शोषण' म्हणावं. 'गैरवर्तन' नको, उर्मट बोलण्यालाही आपण तेच म्हणतो. ('परिवीक्षाधीन अधिकारी' तर साफ चूक, तो स्वतःच नोकरीच्या चाचणी काळात असतो.)

या अधिकाऱ्यांच्या आचारसंहितेतही 'असे संबंध टाळावेत' एवढं पुरत नाही. 'ठेवू नयेत; तिने होकार दिला तरी दोष अधिकाऱ्याचाच' असं लिहावं, आणि त्याच्या हाती न पडता तक्रार कुठे करायची, हे पहिल्या हजेरीलाच तिला तिच्या बोलीत सांगावं.