लर्निंग लायसन्स संपायला तीन आठवडे उरलेत, आता काय करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लर्निंग तीन आठवड्यांत संपतंय, ते वाढवून मिळेल का? आणि नाही मिळालं, तर कॉम्प्युटरवरची ती प्रश्नोत्तरांची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल का? मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात.

लर्निंग वाढवून मिळण्याच्या आशेवर राहू नका. मोटार वाहन कायद्यात त्याची मुदत दिल्या तारखेपासून ६ महिने आहे. ती उलटली की नवा अर्ज, नवी फी, पुन्हा परीक्षा. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये, म्हणजे पैशांचा फार मोठा प्रश्न नाही. खरा तोटा वेळेचा आहे, कारण लर्निंग हातात आल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. नवं लर्निंग काढलंत की ते ३० दिवसही नव्याने मोजायचे. मधल्या काळात संपलेल्या लर्निंगवर गाडी बाहेर काढलीत तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनालायसन्स आहात. त्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात काय काय अडचणी येतील याचा विचारही करवत नाही.

पण तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत! स्लॉट आजच बघा. चाचणीत नापास झालात तर पुन्हा बसायला किमान ७ दिवस थांबावं लागतं. म्हणून तारीख शेवटच्या आठवड्यातली घेऊ नका, मिळेल तितकी अलीकडची घ्या, म्हणजे गरज पडली तर दुसरा प्रयत्न याच लर्निंगवर होईल. तीनदा नापास झालं तर मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं. आमच्याकडे बरेच जण 'हात अजून साफ झाला नाही' म्हणून पाच महिने काढतात आणि सहाव्या महिन्यात धावपळ करतात. रोज अर्धा तास गाडी चालवणाऱ्याला दोन-अडीच महिन्यांत चाचणी द्यायला काहीच हरकत नसते.

आता परीक्षेबद्दल. तुमच्या प्रश्नाचा सूर 'ती कटकट पुन्हा नको' असा आहे, आणि तिथे मला थोडं थांबायचंय. आपल्याकडे या परीक्षेत साधारण १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. ६० टक्क्यांची अट नियमातच आहे. प्रत्येक प्रश्नाला मोजके सेकंद मिळतात. आधार वापरून अर्ज केला तर ती घरूनही देता येते. सोय उत्तम आहे, पण शेजारी बसलेला भाऊ किंवा एजंटचा पोरगा उत्तरं सांगतो आणि उमेदवार फक्त क्लिक करतो, हे मला मनापासून खटकतं. कारण मग तो उमेदवार माझ्या शेजारच्या सीटवर येतो आणि सिग्नल नसलेल्या चौकात मधोमध थांबून विचारतो, 'आता कोण आधी?' नियम सरळ आहे. मुख्य रस्त्यावर शिरताना त्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. हे प्रश्न त्या १५ मध्ये येतात. ज्याने वाचलेत त्याचा पाय वेळेवर ब्रेकवर जातो.

चिन्हांचंही तसंच. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर तिथे गाडी उभी करून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. निम्मे लोक या दोन चिन्हांत गल्लत करतात. लाल काठाचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो, वळण, शाळा, अरुंद पूल. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात चिन्ह 'ओळखत' बसायला फुरसत नसते, ते आधीच माहीत असावं लागतं. परीक्षेतल्या सेकंदांच्या मर्यादेवर लोक चिडतात. मला मात्र ती पटते. आठवायला अर्धा मिनिट लागत असेल तर तो नियम अजून आपला झालेला नाही. उत्तरं पाठ करू नका. प्रश्नसंच घ्या आणि प्रत्येक चिन्ह रोजच्या रस्त्यावर शोधा, दोन दिवसांत डोक्यात बसतं.

चाचणीच्या दिवसाबद्दल थोडं. मूळ लर्निंग, गाडीची कागदपत्रं, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवाच. घरून निघताना शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी, कारण चाचणी होईपर्यंत तुम्ही शिकाऊच आहात. दुचाकीवर आठचा आकडा काढताना बहुतेकांचा पाय खाली टेकतो, कारण नजर पुढच्या चाकावर असते. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. चारचाकीत सगळ्यात जास्त जण चढावर अडकतात. गाडी चढावर थांबवून मागे न घसरता पुढे न्यायची असते. हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, गाडीचं नाक किंचित उचललं गेल्यासारखं आणि इंजिनचा आवाज जड झाल्यासारखा वाटला की तिथेच पाय स्थिर धरा, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. घाईत आधी हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाते. येत्या रविवारी एखाद्या रिकाम्या चढावर हे इतक्या वेळा करा की क्लचकडे लक्षही जाणार नाही, आणि स्लॉट त्याच्या पुढच्या आठवड्यातला घ्या.