सुरगाठ की निरगाठ?

मस्कत, रविवार

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. वासराला तू बांधलंस, चांगलं घट्ट बांधलंस, तरी आजोबा ओरडले, "निरगाठ कशाला मारलीस? सुरगाठ मार!" आणि तुझं म्हणणं, गाठ ती गाठ, त्यात दोन प्रकार कसले?

आहेत गं. दाव्याचं टोक पेचातून पूर्ण ओढून घेतलंस की झाली निरगाठ. वासरू जितके हिसडे देईल तितकी ती आवळत जाते. त्यात दावं भिजलं तर नखं तुटतील, पण गाठ हलायची नाही. सुरगाठीत टोक पूर्ण ओढायचं नाही. दुमडून त्याचा नुसता कान पेचातून काढायचा आणि शेपटी लोंबती ठेवायची. वासराने ओढलं तर गाठ धरते, आपण शेपटी ओढली की सुर्रकन सुटते. रात्री गोठ्यात साप निघाला, नाहीतर वासरू दाव्यात पाय अडकून पडलं, तर आजोबा बॅटरी धरून निरगाठ उकलत बसतील का?

पण हे झालं खुंट्याकडचं. गळ्याकडे बघितलंस? तिथे आजोबा निरगाठच मारतात, बोटं सहज आत जातील एवढा सैल फेर ठेवून. तिथे सरकती गाठ मारली तर तिचा फासच व्हायचा. एकच दावं, दोन टोकांना दोन गाठी.

चौथीत असताना माझ्या पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली होती, तीही पावसात भिजलेली. मी मोरीच्या दारात उड्या मारतोय आणि तुझी पणजी चष्मा शोधतेय! शेवटी दाभण घालून तिने ती सोडवली. कापू काही दिली नाही, नाडी नवी होती.

तुझ्या बुटाची लेस म्हणजेही सुरगाठच, दोन कानांची. म्हणून तर धावताना सुटते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली हे चक्क कॅमेऱ्यात पकडलं: पाय जमिनीवर आपटून गाठ ढिली होते आणि लेसची हेलकावणारी टोकं तिला ओढून मोकळी करतात.

आज खुर्चीच्या पायाला नाडी बांधून दहादा करून बघ, मग आजोबांना दाखव. वासराच्या मागे उभी राहू नकोस, लाथ मारतं. आणि आजीला सांग, लसणाची चटणी संपली.

बाबा