श्रीलंका, बसने

प्रश्न : मे अखेरीस मी आणि मैत्रीण श्रीलंकेला निघालोय. गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेणं परवडणार नाही. बसने जमेल का? आणि पावसाचं काय?

उत्तर : जमेल की! तिथल्या बस जवळपास सगळीकडे जातात. लाल रंगाची असते ती सरकारी. खासगी बस बहुतेक भरल्याशिवाय हलत नाही आणि एकदा सुटली की ऐकत नाही. गाणी मोठ्ठ्याने, ब्रेक त्याहून मोठ्ठ्याने. कंडक्टर आतच तिकीट देतो, सुटे पैसे ठेवा. पुढच्या एकदोन सीट भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका. मोठी सॅक मात्र नेऊ नका, ती ठेवायला जागा शोधता शोधता नाकी नऊ येतात.

पावसाचा तुमच्या बेतावर परिणाम होईल. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस गॉलच्या बाजूला, म्हणजे नैऋत्य किनाऱ्याला झोडपतो, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. म्हणून गॉल वगळा, पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली धरा. वाटेत दांबुल्लाला उतरून सिगिरियाची बस घ्या; सिगिरिया म्हणजे प्रचंड खडकावरचा प्राचीन किल्ला. सिगिरियाचं तिकीट परदेशी पाहुण्यांना चांगलंच महाग आहे. सार्क देशांच्या (भारत त्यात आला) नागरिकांना सवलत मिळते, पासपोर्ट जवळ ठेवा. तरी जड वाटलं, तर शेजारच्या पिदुरंगला खडकावर चढा: तिकीट किरकोळ, आणि तिथून सिगिरियाचा अख्खा खडक समोर दिसतो. माझं मत विचाराल तर तेच जास्त देखणं. शेवटच्या टप्प्यात मोठे दगड ओलांडावे लागतात, चपला घालून जाऊ नका.

दुपारी भात-करीचं पुडकं घ्या, एकात दोघींचं भागतं.