चार डझन आणि वर दोन संत्री

प्रश्न : सुट्टीत पायथन ही कॉम्प्युटर प्रोग्रामिंगची भाषा शिकून राहिलो. काकाचा सीताबर्डीत संत्र्यांचा ठेला आहे म्हणून ५० संत्र्यांचे डझन काढायला ५० / १२ लिहिलं तर ४.१६६६ असं लांबलचक आलं, आणि इनपुटने १० न् ५ घेऊन बेरीज केली तर चक्क १०५! काहून बाप्पा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अरे चुकलं काहीच नाही, फक्त चिन्ह दुसरं पाहिजे. एक तिरकी रेघ म्हणजे पूर्ण भागाकार, पॉइंटसकट. दोन रेघा दे, ५० // १२, की सरळ ४ डझन येतात, आणि ५० % १२ केलं की उरलेली २ संत्री. हे % टक्क्याचं नाही हं, बाकीचं आहे, इथे सगळेच फसतात. जुन्या पायथन २ मध्ये एकाच रेघेनेही ४ च यायचे, त्यामुळे जुनं पुस्तक वापरत असशील तर डोकं फिरेल. एक गंमत करून बघ, -५० // १२ टाक. -४ नाही, -५ येतं, कारण ते खालच्या पूर्णांकाकडे जातं.

आता १०५ चं. इनपुटमधून येतो तो मजकूर, आकडा नाही, आणि मजकुरात + म्हणजे नुसतं शेजारी चिकटवणं, म्हणून दोन्ही इनपुट आधी इंटच्या कंसात, म्हणजे int( ) मध्ये टाकून त्यांचा आकडा कर, मग १५ येतील.

आणि हो, इफमध्ये, म्हणजे अट तपासताना, दोन गोष्टी सारख्या आहेत का विचारायला == दे, एकटं = दिलंस तर पायथन सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, दाखवून तिथेच थांबतो.