लूपमध्ये घडवलेले ॲक्सेसर एकच उत्तर का देतात?

प्रश्न : रुबी या प्रोग्रामिंग भाषेत मी ‘चौकट’ हा क्लास लिहिला आहे. रुंदी आणि उंची या गुणधर्मांत नेहमी पूर्णांकच साठावा, म्हणून आयते ॲक्सेसर देणारे ‘ॲट्र_ॲक्सेसर’ न वापरता ‘फॉर’ लूपमध्ये ‘डिफाइन_मेथड’ने गेटर-सेटर (किंमत वाचणाऱ्या आणि भरणाऱ्या मेथड, म्हणजेच ॲक्सेसर) तयार केले. रुंदीला १० आणि मग उंचीला २० दिले, तरी रुंदी विचारल्यावर २०च मिळते. चूक कुठे आहे?

उत्तर : तुमचे गेटर-सेटर बरोबर आहेत, घोळ लूपने घातला आहे. ‘डिफाइन_मेथड’ला दिलेला ब्लॉक (कोडचा तुकडा) हा क्लोजर असतो, म्हणजे तो भोवतालच्या व्हेरिएबलची त्या क्षणीची किंमत टिपून ठेवत नाही, तर ते व्हेरिएबलच धरून ठेवतो. रुबीतला ‘फॉर’ स्वतःचा स्कोप (व्हेरिएबलची वेगळी हद्द) निर्माण करत नसल्यामुळे दोन्ही फेऱ्यांत गुणधर्माचे नाव एकाच व्हेरिएबलमध्ये येते आणि लूप संपल्यावर त्यात ‘उंची’ उरते. मेथडची नावे मात्र ‘डिफाइन_मेथड’ चालते तेव्हाच पक्की होतात. त्यामुळे ‘रुंदी’ आणि ‘उंची’ अशा दोन मेथड दिसतात, पण बोलावल्यावर दोन्ही ‘@उंची’ या ऑब्जेक्टमधल्या एकाच व्हेरिएबलकडे जातात, दारे दोन, खोली एक. खात्री करायची असेल, तर दोन्ही किमती भरलेल्या ऑब्जेक्टवर ‘इन्स्टन्स_व्हेरिएबल्स’ चालवून पाहा : यादीत एकटी ‘@उंची’ येईल.

‘फॉर’ काढून त्याच यादीवर ‘ईच’ लावा. ब्लॉकचा पॅरामीटर प्रत्येक फेरीत नवा असतो, त्यामुळे प्रत्येक मेथडला आपापले नाव मिळते. मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या ‘क्लास_इव्हल’ला कोडची स्ट्रिंग (मजकूर) दिली असती, तर नाव मजकुरातच उतरले असते आणि ही अडचण आली नसती, तरीही मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण नावांची यादी बाहेरून येत असेल, तर त्या नावांतून कोणीही हवा तो कोड चालवू शकतो.

सेटर वापरताना दोन गोष्टी सांभाळा. क्लासच्याच एखाद्या मेथडमध्ये नुसते ‘रुंदी = १०’ लिहिले, तर सेटर चालत नाही, स्थानिक व्हेरिएबल तयार होते; तेथे ‘सेल्फ.रुंदी = १०’ असेच लिहावे लागते. शिवाय सेटरने स्ट्रिंगचा पूर्णांक केला, तरी त्या असाइनमेंटची स्वतःची किंमत उजवीकडची मूळ स्ट्रिंगच राहते, म्हणून रूपांतर झाले की नाही हे गेटरला विचारूनच पाहावे.