रोज कागल एमआयडीसी, वर्षातून दोनदा ट्रॅक: दोन्हीकडे चालेल असा ब्रेक पॅड कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलो जीटी टीएसआय, रोज कोल्हापूर ते कागल पंचतारांकित एमआयडीसी, सुट्टीला आंबा नाहीतर आंबोली घाट आणि वर्षातून दोनदा चेन्नईजवळचा किंवा कोइमतूरचा ट्रॅक. मागच्या ट्रॅक डेला चौथ्या लॅपनंतर पेडल मऊ पडून खाली गेलं. आता कुठला रेसिंग पॅड घ्यावा, सिरॅमिक चालेल का, की सरळ मोठं ब्रेक किट बसवावं?

पॅडकडे नंतर येऊ, कारण तुमचं दुखणं पॅडचं नाही. पेडल खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. पॅडनं मान टाकली असती तर पेडल नेहमीसारखं कडकच राहिलं असतं. तुम्ही पाय रोवून उभे, आणि गाडी मात्र पुढंच. ही दोन दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पाच हजारांचे पॅड घाला नाहीतर पन्नास हजारांचे, जुन्या ऑइलवर हेच होणार. उलट जास्त तापमान सोसणारा पॅड घातलात तर तुम्ही ब्रेक आणखी उशिरा मारणार आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणखी तापणार.

डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, आणि 3.7 टक्के पाणी ओढल्यावर किमान 155 अंश असावा, एवढीच प्रमाणाची अट आहे. ऑइल हवेतला ओलावा ओढतंच, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्याला काय तोटा? ट्रॅकसाठी मोतुल आरबीएफ 600 सारखं ऑइल भरा. नवं असताना ते 312 अंशांपर्यंत उकळत नाही. तेही ग्लायकॉलचंच असल्यामुळे सील-होजला चालतं. मात्र दरवर्षी बदलावं लागतं, आणि बदलायची वेळ पावसाळा संपल्यावर, ट्रॅकला जाण्याआधी. पूर्ण बदलायला 500 मिलीच्या दोन बाटल्या पुरतात. डॉट 5 लिहिलेलं सिलिकॉन ऑइल घेऊ नका, ते यात मिसळत नाही, डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढण्याचं काम, करताना एक गोष्ट मिस्त्रीला आधीच सांगा: पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी जात नाही तिथं गंज, कचरा साठलेला असतो. पेडल तळाला नेलं की सील त्यावरून घासत जातो आणि फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम झालं. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच धरा.

आता पॅड. ट्रॅकवर नेमकं काय होतं त्याचा हिशेब बघा. माणसासकट गाडी 1200 किलो धरली आणि 140 वरून 60 किमीवर आणली, तर साधारण 740 किलोज्यूल उष्णता होते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे एकेका डिस्कच्या वाट्याला 260. डिस्क पाच किलोची धरा. एका ब्रेकला ती सुमारे 100 अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, तोवर दुसरा ब्रेक. तीन-चार लॅपमध्ये डिस्क 500 अंशांच्या घरात जाते आणि कंपनीचा पॅड साधारण 350 च्या पुढं पकड सोडायला लागतो.

घाटाचं गणित वेगळं. 500 मीटर उतरताना याच गाडीची 5,900 किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते, म्हणजे ट्रॅकवरचे आठ ब्रेक. फरक इतकाच की घाटात ती वीसेक मिनिटांत वाटली जाते आणि खालच्या गिअरमध्ये असाल तर बराच भार इंजिन उचलतं. डीएसजी (तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकवत उतरलात तर मात्र चांगल्या पॅडलाही वास येणार. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा, ब्रेक थोडा वेळ पण ठाम मारा आणि सोडा. आंबा किंवा करूळ घाटासाठी म्हणून रेसिंग पॅड लागत नाही.

आणि खरा रेसिंग पॅड रस्त्यावर धोक्याचाच. त्याचं मिश्रण दोन-तीनशे अंशांवर पकड घ्यायला बनवलेलं असतं. गळीत हंगामात सकाळी सहाला घरातून निघालात, शिरोलीच्या किंवा कागलच्या बाजूला उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, अचानक समोर आली, तर तुमची डिस्क त्या वेळी 20 अंशांवर आहे. तो पहिला थंड ब्रेक लागला पाहिजे. एकच सेट ठेवायचा असेल तर निवड इथूनच सुरू करायची: थंड असताना पूर्ण पकड, मग वर जमेल तितकं तापमान. जाहिरातीतला मोठा आकडा आधी बघणारे इथंच फसतात.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं कमी तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफएफ असेल तर बरं. एफई दिसलं तर तो पॅड तापल्यावर सोडतो हे लिहूनच दिलेलं आहे. पण यावर फार विसंबू नका. ही चाचणी पॅडच्या छोट्याशा तुकड्यावर आणि साडेतीनशे अंशांच्या आत होते. 500 अंशांना काय होईल ते या अक्षरांत नाही.

दुकानात 'सिरॅमिक' म्हणून मिळतो तो सिरॅमिक धागे घातलेला पॅड. धूळ कमी, आवाज कमी, डिस्कला सौम्य. नुसतं कागल आणि घाट असतं तर मी तोच सांगितला असता. महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन सिरॅमिक डिस्कशी त्याचा काही संबंध नाही, आणि ट्रॅकवर तुमच्या गाडीला तो बहुधा पुरणार नाही.

तुमच्यासाठी मधला वर्ग: फेरोडो डीएस2500 किंवा ईबीसी यलोस्टफ. डीएस2500 चं सरासरी घर्षण 0.42 च्या आसपास, कामाची मर्यादा साधारण 20 ते 500 अंश आणि पकड एकसारखी चढते, त्यामुळे ब्रेक मोजून मारता येतो. माझा कल त्याकडे. यलोस्टफ पहिल्या स्पर्शाला जास्त चावतो, काहींना तेच आवडतं. दोन्ही थंड असताना थोडे किंचाळतात, आणि काळी धूळ पडणार. ती धूळ पावसात अलॉयवर चिकटून राहिली तर रंग खाते, म्हणून चाकं आठवड्याला धुवा. ट्रॅक डे वर्षाला चार-पाचच्या पुढं गेले की एका सेटचा हट्ट सोडा: रस्त्याला साधे पॅड, ट्रॅकला ईबीसी ब्लूस्टफसारखे वेगळे आणि शक्यतो डिस्कही वेगळ्या. एका मिश्रणाचा थर बसलेल्या डिस्कवर दुसरं मिश्रण घासलं की सुरुवातीला पकड विचित्र येते आणि स्टिअरिंग थरथरतं.

मागवताना 'पोलोचे पॅड द्या' एवढ्यावर भागवू नका. वर्ष आणि इंजिनाप्रमाणे डिस्क-कॅलिपर बदलतात. जुना पॅड काढा, पाठीवरच्या लोखंडी पत्र्यावर डब्ल्यूव्हीएचा (पॅडचा आकार ओळखायचा) पाच आकडी नंबर असेल तो विक्रेत्याला द्या आणि लांबी, उंची, जाडी व्हर्निअरनं मोजून ताडून घ्या. नावाजलेल्या पॅडचे नकली डबे बाजारात येतात. फारच स्वस्त मिळाला तर समजून जा.

मागं तुमच्याकडे ड्रम ब्रेक आहेत, ते तसेच राहू द्या. पुढची पकड थोडी वाढली तर गाडी सरळच राहते. मागचे जास्त पकडणारे लायनर (ड्रममध्ये पॅडचं काम करतात ते) आणि पुढं साधे पॅड, ही जोडी मात्र घातक; मागची चाकं आधी अडकतात आणि शेपूट फिरते.

मोठं किट नको. त्या पैशात दोन-तीन वर्षांचे पॅड, ऑइल आणि टायर येतील. भोकं पाडलेल्या डिस्कही नकोत, ट्रॅकवर तडे त्या भोकांपासूनच सुरू होतात. साधी व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणारी) डिस्क घ्या. हे ग्रे आयर्न आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रोज ओततात त्याच जातीचं, आणि त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळेच उष्णता पटकन पसरते. कोल्हापुरात असल्याचा एक फायदा म्हणजे उद्यमनगरात डिस्कला फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) देणारा लेथवाला सहज मिळतो, आणि तोटाही तोच: जरा थरथर आली की लोक डिस्क घेऊन तिकडं पळतात. आधी हबवरचा गंज वायर ब्रशनं काढा, डिस्क परत बसवून बोल्ट आवळा आणि डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डोलते ते, बघा. 0.05 मिमीच्या आत असेल तर डिस्क वाकडी नाही, पॅडचा थर कमी-जास्त बसला आहे. नीट बेडिंग (ठराविक ब्रेक मारून पॅड-डिस्क एकमेकांना बसवणं) केलं की बहुतेक वेळा तो जातो. निळे-काळे कडक डाग पडले असतील तर लेथचाही उपयोग नाही. तिथं लोखंडात सिमेंटाइट हे कडक संयुग झालेलं असतं आणि ते खोल गेलेलं असतं. डिस्क बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली कुणी कितीही खात्री दिली तरी जायचं नाही.

बसवताना विषय हार्ड नाही, पण घाई नको. तुमच्या कॅलिपरच्या गाइड पिनला बहुधा 7 मिमीची अॅलन लागते. कॅलिपर होजवर लटकत सोडू नका, तारेनं बांधा. पिस्टन मागं ढकलताना टाकीतलं ऑइल वर येतं, सांडलं तर रंग जातो. आधी थोडं काढून घ्या. पिन पुसून स्वच्छ करा. मॅन्युअलमध्ये ग्रीस सांगितलं असेल तरच लावा, तेही ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. गॅरेजमधलं साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकते. मग आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. पिनचा टॉर्क साधारण 30 न्यूटन मीटर, चाकाच्या बोल्टचा 120. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं की पहिला ब्रेक गॅरेजच्या भिंतीवर लागतो.

बेडिंग पहाटे, सरळ रिकाम्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना. 60 वरून 10 पर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर चालवून. मग 90 वरून 20 पर्यंत जोरात, पण एबीएस चालू होऊ न देता, पाचेक वेळा. वास येईल, किंचित धूरही दिसेल. यात गाडी एकदाही पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. डिस्कवर सगळीकडे एकसारखा राखाडी थर दिसला म्हणजे बसलं. पॅड बनवणाऱ्यानं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

ट्रॅकला निघताना पॅडवर किमान 6 मिमी माल हवा. रस्त्यावर 3 मिमीपर्यंत चालतं, पण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि ऑइलला जाते, म्हणजे पुन्हा तुमचं तेच मऊ पेडल. चार-पाच लॅप झाले की एक लॅप ब्रेकविना सावकाश, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी 'पी'मध्ये, चाकाला ठोकळा. दर सेशननंतर चाकाच्या आऱ्यांमधून पॅडच्या कडा बघा: पांढरट राखेसारख्या झाल्या असतील तर आतला बाइंडर (मिश्रण धरून ठेवणारा पदार्थ) जळालाय, तुकडे उडाले असतील तर पॅड मर्यादेबाहेर गेलाय. डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग (ठराविक उष्णतेला उडणारे) लावले तर अंदाजावर राहावं लागत नाही. हिरवा 430 ला उडतो, नारंगी 560 ला, लाल 610 ला. नारंगी गेला तर डीएस2500 तुमच्या चालवण्याला पुरत नाही, पुढच्या वेळी वरचा पॅड.

जुने पॅड फेकू नका. ते, 7 ची अॅलन, टॉर्क रेंच आणि ऑइलची उघडलेली अर्धी बाटली नव्हे, सीलबंद 500 मिलीची बाटली डिकीत ठेवा. उघडलेलं ऑइल ओलावा ओढतं. चेन्नईहून परतीचे नऊशे-साडेनऊशे किलोमीटर याच गाडीनं यायचं आहे, आणि ट्रॅकवर तीन सेशनमध्ये पॅड निम्मा झालेला दिसला तर चौथ्याला न उतरता तिथंच बदलून घ्या.